अर्ध्या मापाची रेघ

तुमच्या मिरच्या मी पोत्यात भरून जिन्याखाली ठेवल्या आहेत. संकेश्वरी वेगळी, ब्याडगी वेगळी. निम्म्या मिरच्यांचे देठ काढलेले, निम्म्यांचे तसेच. तुम्ही जिथं थांबलात तिथंच ते काम थांबलं आहे. शाळेच्या ऑफिसात मी परत जाऊ लागले. लाइटबिल भरलं, गॅसचं कनेक्शन माझ्या नावावर करायला दिलं, तुमचे कपडे तुमच्या गावी सांबऱ्याला पाठवून दिले. एवढं सगळं झालं. मिरच्यांचं तेवढं होत नाही.

लोक म्हणतात, बाई खंबीर आहे. खंबीर म्हणजे काय ते मला कळत नाही. पुढचं काम दिसतं, ते मी करते. लग्न झाल्यापासून तुम्हीच हे सगळ्यांना सांगत आलात, की हिला दुःख झालं तरी ही आधी भांडी घासून घेईल. भांडी घासून झाली आहेत. आता पहिल्यांदाच असं झालंय, की काम समोर आहे आणि ते कसं करायचं हे मला ठाऊक नाही. म्हणून लिहिते आहे. बोलताना तुम्ही माझं वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाहीत. इथं मध्ये बोलता येणार नाही तुम्हाला.

स्प्रिंगा बसवल्या तिथून सुरू करते. उद्यमबागेत कारखान्यात लेथवर उभे असताना तुमच्या छातीत दुखू लागलं, आणि तुम्ही पित्त समजून सोडा प्यायलात. शेजारच्या लेथवरच्या बसूअण्णांनी तुमचा घाम बघितला आणि काही ऐकून न घेता रिक्षात घातलं. दोन स्टेंट बसले. तुम्ही त्यांना स्प्रिंगा म्हणायचात. भेटायला येईल त्याला सांगायचात, "दोन स्प्रिंगा बसवल्यात. आता गाडी खड्ड्यातनं गेली तरी चालतंय." लोक हसायचे. मी फळांच्या पिशव्या आत नेऊन ठेवायची.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी कन्नडमध्ये समजावलं. उप्पू कडिमे माड्री, एण्णी कडिमे माड्री. मीठ कमी करा, तेल कमी करा. तुम्ही माझ्याकडं बोट दाखवून म्हणालात, "इकीगू हेळ्री." हिलाही सांगा. त्या म्हणाल्या, यांना कशाला, यांना काय झालंय? तेव्हा तुम्ही मराठीवर आलात. अडून बसायचं असलं की तुम्हाला मराठीच लागायची.

"एका घरात दोन आमट्या व्हणार न्हाईत. ही खाईल तेच मी खाणार. ही झणझणीत खाणार आणि मी समोर बसून अळणी गिळणार, त्यापेक्षा स्प्रिंगा काढून घ्या."

मी म्हटलं, "खाते." खाली रिक्षा थांबवलेली होती आणि औषधं घ्यायची राहिली होती. एवढ्या मोठ्या कराराला माझा एक शब्द पुरला. रिक्षात बसल्यावर तुम्ही दुसरं कलम घातलंत, की जेवायचं तेही एकाच वेळी. कुणी आधी नाही, कुणी मागून नाही.

हे कलम मला पहिल्यापेक्षा अवघड वाटलं होतं, हे आज सांगते. त्याआधी आपण एकत्र जेवलोच नव्हतो म्हटलं तरी चालेल. तुमची शिफ्ट, माझी शाळा, मेघाचे क्लास. मी ओट्याशी उभ्यानं जेवायची, तुम्ही टीव्हीसमोर. लेक लग्न होऊन हुबळीला गेली तरी आपण तसेच जेवत राहिलो, कारण बदलायचं कुणाला सुचलं नाही. तुमच्या छातीत दुखलं म्हणून आपण पाट मांडून समोरासमोर बसलो. आता विचार करते, नवराबायको म्हणून बोलण्यासारखं जे काही बोललो ते बहुतेक त्या अळणी ताटांवरच बोललो.

डॉक्टरबाईंनी मीठ सांगितलं होतं माणशी रोज एक लहान चमचा, सगळं धरून. घरी आल्यावर तुम्ही सगळे चमचे ओट्यावर मांडलेत.

"ह्यातला लहान कुठला?"

"हा."

"आणि हा?"

"हा पण लहानच. मेघाच्या बारशातला."

"दोन्हीत फरक किती हाय बघ. ह्याला माप म्हणत्यात व्हय?"

लेथवर केसाएवढा फरक चालत नाही, तो माणूस चमच्यानं मीठ मोजायला तयार होईना. मग कामावर परत गेल्याच्या आठवड्यातच तुम्ही खिशातून फडक्यात गुंडाळलेलं ते माप काढलंत. स्टेनलेसच्या भरीव तुकड्यातून कोरून काढलेलं. पितळ चांगलं दिसलं असतं, पण पितळेला मीठ लागलं की हिरवं होतं, म्हणालात. बुटकं, अंगठ्याच्या पेरापेक्षा जरा मोठं, काठ असा पातळ की बोट फिरवताना वाटावं, आता कापणार. दोघांचं दिवसाचं मीठ. काठोकाठ भरायचं, वरून सुरीची पाठ फिरवायची, उरलेलं बरणीत. सकाळी एकदाच. त्यातूनच आमटी, भाजी, भात, दोन्ही वेळचं.

मी हातात घेऊन बघितलं आणि म्हटलं, "आत अर्ध्यावर एक रेघ मारून आणा. तुम्ही लग्नाकार्याला जाता, मी निपाणीला माहेरी जाते. एकट्याचं करायचं तर किती घ्यायचं?"

तुम्ही म्हणालात, "अर्ध्याचं काय काम? एकट्यानं जेवायचं न्हाई असं ठरलंय न्हवं?"

"अहो, कधीतरी लागतं."

"लागंल तवा बघू."

ते माप बघायला गल्लीतल्या बायका आल्या. एकीनं विचारलं, "वैनी, सोनं मोजता काय ह्यात?" तुम्ही आतून ओरडलात, "सोनं परवडलं असतं."

आणि आपण खरंच सगळं बदललं. वडे, भजी, फरसाण बंद. लोणच्याची बरणी सांबऱ्याला तुमच्या बहिणीकडं, शांताक्कांकडं गेली. पापड गेले. ताटातला निम्मा भात गेला आणि तिथं काकडी, गाजर, मोड आलेली मटकी आली. तुम्ही सांबऱ्याच्या भातावर वाढलेले, तुम्हाला ते फार लागलं. "शेतकऱ्याच्या पोराला बकरीचा चारा घालतीस," म्हणायचात आणि चारा चावून चावून खायचात. मीठ नाही तर लिंबू, लिंबू नाही तर लसूण, लसूण नाही तर आमसूल, असं करत मी चव शोधत राहिले. पहिले काही आठवडे दोघांनाही जेवण म्हणजे शिक्षा होती. मग जीभ वळली. एक दिवस तुम्ही नुसती ज्वारीची भाकरी तोडून खाल्लीत आणि म्हणालात, "अगं, भाकरीला पण गोडी असती."

तुमच्या कारखान्यात खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की मटण असतं. पहिल्या वर्षी तुम्ही तिथं खाल्लं नाहीत. तुमचा वाटा डब्यात भरून घरी आणलात आणि डबा मध्ये ठेवून म्हणालात, "सांग आता." तांबडा रस्सा, वर बोटभर तेल. आपण काय केलं आठवतं? मी गरम पाणी ठेवलं आणि दोघांनी ओट्याशी उभं राहून एकेक फोड चमच्यानं पाण्यात धुतली. रस्सा सिंकमध्ये वाहून चालला होता आणि तुम्ही त्याच्याकडं असं बघत होता जसं कुणी बसमधून गावाकडं बघतं. मग धुतलेलं मटण लिंबू पिळून खाल्लं. तुम्ही एक फोड चावलीत, गिळलीत आणि फार शांतपणे विचारलंत, "ह्या बकऱ्यानं आपलं काय वाकडं केलं होतं गं?" त्या दिवशी मी इतकी हसले की पाणी नाकात गेलं. तुम्ही त्यानंतर वर्षभर ती गोष्ट सांगत होता. मी हसल्याचीच जास्त.

एवढं सगळं करूनही तुमचं बीपी उतरत नव्हतं. डॉक्टरबाई दर खेपेला विचारायच्या, लोणचं? बंद. पापड? बंद. बाहेरचं? बंद. तुम्ही खिशातून माप काढून दाखवायचात. त्या ते हातात घेऊन बघायच्या आणि गोळी बदलून द्यायच्या. वर्ष असंच गेलं. मग वर्षाची चटणी करायचे दिवस आले.

आपण दोघं मिरच्या, खोबरं, लसूण, कांदा, मसाला घेऊन कांडपाच्या डंकावर गेलो. नेहमीसारखा नंबर लागला. डंकावरच्या मावशींनी मिरची कांडत आणली, आणि मग नेहमीसारखं खडे मीठ घ्यायला पातेलं पुढं ओढलं. माझ्या जन्मापासून चटणीत मीठ पडताना मी बघते आहे. त्याशिवाय ती वर्षभर टिकत नाही, हे आमच्याकडं पोरीबाळींनाही ठाऊक असतं. त्या दिवशी मात्र मावशींनी ओंजळी भरून मीठ डंकात सोडलं आणि मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही आधीच माझ्याकडं बघत होता.

आपल्या आमटीत ती चटणी दोन चमचे. भाजीत दीड. भाकरीबरोबर ताटात वेगळी. आपण ते मीठ मिठात धरलंच नव्हतं. चटणीला आपण कधी मीठ म्हणून बघितलंच नव्हतं, ती चटणी होती.

तुम्ही डंकाच्या आवाजावरून ओरडलात, "म्हंजे वरीसभर आपण ते माप कुणाला दाखवत होतो गं?"

मी मावशींना म्हटलं, "थांबा. पुढच्या घाण्यात मीठ घालू नका."

"बिनमिठाची चटणी?" मावशींनी मशीन बंद करून मला नीट बघून घेतलं. "आक्का, सुतकात बी कुणी असली करत न्हाई."

"करा म्हणती तशी करा, मावशी," तुम्ही म्हणालात. "घरात हिचंच चालतंय."

मिठाचा घाणा शांताक्कांना गेला. बिनमिठाचा आपण घरी आणला. तुमचं बीपी उतरलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, आता काय नवीन केलं? तुम्ही म्हणालात, काही नाही, हिशेबात चूक होती. आणि पावसाळ्यात बरणीचं झाकण उघडलं तर चटणीवर पांढरी जाळी. सगळी चटणी गेली. मी ती बरणी उचलून मागं टाकायला निघाले तर तुम्ही दारात आडवे. "जरा वरची काढून बघू." मी नाही म्हटलं. "तळाची चांगली असंल." मी नाही म्हटलं. तुम्ही बाजूला झालात. पण त्या दिवशी ताटावर तुम्ही काही बोलला नाहीत. आजारपणात बोलत होता, ऑपरेशनला नेताना बोलत होता, चटणी टाकल्यावर गप्प बसलात. मी समजत होते, माणूस चटणीसाठी किती रुसावा. आता तसं वाटत नाही. तुम्ही जन्मभर जे खाल्लंत त्यातलं एकेक मी उचलून बाहेर ठेवत गेले होते, आणि ही शेवटची बरणी होती.

त्यानंतर मी आठ-आठ दिवसांपुरती मिरची मिक्सरला लावून फ्रीजमध्ये ठेवू लागले. ती खाऊन तुम्ही म्हणायचात, "रंग हाय."

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती असं नाही, पण नीट सांगितली नव्हती. तुमच्या पथ्यानं मी सुधारले. वजन उतरलं, गुडघे दुखायचे थांबले, शाळेचा जिना चढताना धाप लागायची ती गेली. शेवटच्या वेळी तुमच्याबरोबर माझेही रिपोर्ट काढले, तर डॉक्टरबाई माझा कागद बघून म्हणाल्या, "निम्दू भाळ छलो ऐती." तुमचं फार छान आहे. तुम्ही लगेच म्हणालात, "बघा, खातो मी आणि अंगाला लागतं हिच्या." बाहेर आल्यावर मात्र तुम्ही बसूअण्णांना फोन करून सांगितलंत, "आमच्या हिचं हार्ट एक नंबर निघालं," आणि तुमच्या स्वतःच्या रिपोर्टचं सांगायचंच विसरलात. हे हार्ट आता माझ्याकडं आहे. ठणठणीत आहे. त्याचं काय करायचं, ते डॉक्टरबाईंनी सांगितलेलं नाही.

या वर्षी तुम्ही मला न विचारता निपाणीला गेलात. माझ्या भावाला बरोबर घेऊन बाजारात मिरची बघितलीत, तोडून, वास घेऊन, बी मोजल्यासारखी बघून. दुपारी त्याच्याकडं जेवलात. परत आल्यावर तक्रार, "तुझ्या भावजयीनं पिठलं केलतं. एकदम अळणी. म्हटलं जरा मीठ द्या, तर म्हणती, वन्संचा फोन आलता." तो फोन मी केला होता. निपाणीची बस सुटायच्या आधीच.

रात्री ताटावर बसल्यावर तुम्ही विषय काढलात.

"औंदा चटणीत मीठ घाल."

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

"ऐकून तर घे. चटणीत घाल आणि आमटीत बंद कर. भाजीत बंद कर. ते माप ठेव कपाटात. जेवढं मीठ खायचं तेवढं चटणीतनंच खाऊ. मीठ तेवढंच, पण चटणी चटणीसारखी."

"चटणी मापात बसत नाही. हात जातो परत परत."

"माझा जाईल की. तू हात धर."

"आणि बिनमिठाची आमटी कोण खाणार?"

"तू आणि मी. आणि कोण हाय हितं?"

बोलणं तसं खोटं नव्हतं तुमचं. मला ते तेव्हाही कळलं होतं. पण तुम्ही म्हणालात आणि मी लगेच हो म्हटलं असं आपल्या घरात कधी झालं नव्हतं. मी ताटं उचलत म्हटलं, "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गच्चीवर देठ काढत बसलात. मी खाली डबे भरत होते. मिरचीच्या खकाण्यानं तुम्हाला शिंका येत होत्या, आणि तुमची शिंक म्हणजे आपल्या अख्ख्या अनगोळ भागाला कळायची. मी मनात म्हणत होते, रुमाल बांधा म्हटलं तर ऐकायचं नाही. मग शिंका थांबल्या. मला वाटलं, चला, बांधला एकदाचा रुमाल. मी भाकरी उलटली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, मी त्या क्षणी वर असते तरी काही करता आलं नसतं. त्या असंही म्हणाल्या, की खाण्यापिण्याचं सांभाळलं म्हणून मधली वर्षं तरी मिळाली. मी ऐकून घेतलं. ती वर्षं पथ्यानं मिळाली की तशीही मिळणार होती, हे त्यांना माहीत नाही, मला माहीत नाही. ताळा करून बघायला दुसरे तुम्ही नाही आहात.

मग माणसं आली. घरात चूल पेटवायची नाही म्हणून भावकीतून जेवण येऊ लागलं. सकाळी एका घरच्या भाकऱ्या, संध्याकाळी दुसऱ्या घरचं पिठलं. मी सगळ्यांचं बघत होते, कुणाला कुठं झोपवायचं, पाण्याचा टँकर, मंडपवाला. मी रडले नाही म्हणून बायका माझ्याकडं काळजीनं बघत होत्या. कोपऱ्यात कुजबुज चालली होती, की आत साठलं तर बाईचं काही खरं नाही. शांताक्का भाऊ गेल्याच्या दुःखात काहीतरी टोचून बोलणार हे मला ठाऊक होतं. त्या बोलल्याही. "अळणी खाऊन खाऊन माझ्या भावाचं रगत पाणी झालं." मेघा उठून काही बोलणार होती, मी तिला खुणेनं बसवलं. तुमच्या तोंडची चव मी काढून घेतली होती, हे खरं. कशासाठी, ते आता दाखवता येत नव्हतं.

त्याच संध्याकाळी शांताक्कांनी स्वतः आमटी करून आणली. माझ्यापुढं ताट ठेवून म्हणाल्या, "खा दोन घास." मी एक खाल्ला. त्यांची चटणी, आपण डंकावरून त्यांना दिलेली, मिठाची. माझ्या जिभेला ते सोसेना. घसा भाजला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि थांबेना. समोरच्या म्हातारीनं सुस्कारा सोडला, "रडली गं बाई एकदाची." सगळ्या बायका माझ्याभोवती गोळा झाल्या. आक्का तर मला धरून ओक्साबोक्शी रडल्या, "माझं चुकलं गं वैनी, मी असं बोलाय नको होतं." मी पाणी मागत होते, पण कुणाला ऐकू गेलं नाही. तुम्ही असता तर तुम्हाला एकट्याला कळलं असतं, की ही रडत नाही, हिला खारट झालंय. आणि तुम्ही ते अख्ख्या सांबऱ्याला सांगितलं असतं.

बाराव्याला तुमच्या आवडीचं ताट वाढलं. सगळ्यात मीठ आक्कांनी घातलं. मी अडवलं नाही.

माणसं गेली. मेघा दोन आठवडे राहून गेली. जाताना म्हणाली, "आई, आता तू हवं ते खा, पथ्य आप्पांचं होतं." मीही तसंच ठरवलं. शेजारून आलेली भजी खाऊन बघितली, उलटी झाली. शाळेतल्या बाईंच्या डब्यातली भाजी घशाखाली उतरेना. माझी जीभ आता या गावची राहिलेली नाही. तुमच्या अटीवर मी ती बदलली, आणि ज्याच्यासोबत ती बदलली तो माणूस उठून गेला. जगात आपलं असं जेवण जेवणारी दोनच माणसं होती.

मग राहिलं ते माप. रोज सकाळी मी ते हातात घेते. काठोकाठ भरलं तर दोघांचं होतं. अर्धं घ्यावं म्हटलं तर अर्धं म्हणजे कुठवर? काठाला सुरी फिरवून सपाट करता येतं, अर्ध्यावर काय फिरवणार? मीठ एका बाजूला चढतं, दुसऱ्या बाजूला उतरतं. कधी आमटी खारट, कधी अगदीच पाणी. तुम्ही हसाल. मी रडत बसले नाही. शनिवारी शाळा अर्धी सुटते, तेव्हा माप फडक्यात गुंडाळलं आणि उद्यमबागेत गेले.

तुमच्या लेथवर नवीन माणूस आहे. बरा वाटला. त्यानं तुमचं स्टूल बाजूला ठेवलंय. बसूअण्णा हात पुसत आले, मी सरळ कामाचं काढलं.

"अण्णा, ह्यात आत अर्ध्यावर एक रेघ मारून पाहिजे."

त्यांनी माप उजेडाला धरलं. नखानं वाजवलं. काठावर बोट फिरवलं आणि चटकन मागं घेतलं.

"व्हायचं न्हाई, वैनी."

"एक रेघ तर मारायची."

"भिंत बघा किती पातळ ठेवलीया त्यानं. आतनं खाच घ्यायला गेलं की फाटणार. रेघ मारायची तर करतानाच मारायला पाहिजे होती. तवाच सांगायचं न्हवं?"

"सांगितलं होतं."

बसूअण्णा माप दोन्ही हातांत धरून उभे राहिले. तुमच्या लेथवरच्या माणसानं मशीन बंद केलं. मग अण्णा म्हणाले, "असं करू. हे राहू द्या. तुम्हाला एकटीचं नवीन करून देतो. तुकडा हाय, आत्ता बसा, चहा येस्तोवर होतंय."

साधं काम होतं. चहाच्या आत होणारं. मला शनिवारची सगळी कामं उरकायची होती, आणि परत तिथं खेप घालण्यात काही अर्थ नव्हता. मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं.

मी माप त्यांच्या हातातून घेतलं, फडक्यात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं.

"बघू," म्हटलं.